श्याम पोहायला शिकला तो कशाने?

मुलांना धीट कसे करावे, असा प्रश्न पालकांच्या बैठकीत निघाला की ‘श्यामची आई’तील पोहण्याच्या प्रसंगाचा दाखला कोणीतरी देतोच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक शाळेच्या वाटेने आपल्या ख्रिस्ती घरांतही आले आणि जिव्हाळ्याचे झाले. मात्र ‘श्यामचे पोहणे’ ह्या प्रकरणाचे जे तात्पर्य सर्रास सांगितले जाते, ते आम्हांला पटत नाही. आईने बदडले म्हणून श्याम धीट झाला, असे ते तात्पर्य. प्रकरण शांतपणे वाचले तर निराळेच काही हाती लागते.

पाण्याला भिणारा श्याम घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर नेते. एवढा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. परंतु मार श्यामला केवळ विहिरीच्या काठापर्यंत पोचवतो. तिथे त्याची भीती होती तशीच आहे. पुढचे कार्य इतर गोष्टी करतात. त्याच्या कमरेला तरंगण्याचा आधार बांधलेला आहे. पोहण्यात तरबेज मंडळी पाण्यात आहेत. त्याला ढकलले जाते हे खरे. पण सावरणारे हातही जवळच आहेत. आपण बुडालो नाही, हे त्याच्या अंगाला कळते आणि मगच भीती ओसरते. आत्मविश्वास जसा उपदेशाने येत नाही, तसा तो वळांनीही येत नाही. आपण निभावलो, ह्या अनुभवातून तो येतो.

प्रकरणाचा खरा कळस तर घरी आहे. मुलाच्या अंगावरचे वळ पाहून त्या माउलीचे डोळे भरून येतात. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ त्याला उमगते. शिक्षेचा दाखला देणारे आपण हे अश्रू मात्र सोयीस्करपणे विसरतो.

पुस्तकाविषयीही एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. ही कथा सांगणारा श्याम प्रौढ आहे, आईच्या आठवणीने सद्गदित झालेला आहे. कृतज्ञतेच्या ह्या प्रकाशात माराची धार बोथट होते. ज्या लेकरांच्या मनात माराने कायमची धास्ती बसली, त्यांची साक्ष ह्या पुस्तकात कशी येणार? नीतिसूत्रांतील छडी आपल्याला चांगली पाठ आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात संत पौल बापांना सावध करतो, की लेकरांना इतके डिवचू नये की ती हिंमतच हरतील. ती ओळ आपण क्वचितच आठवतो.

आज तर चुकीचे दुसरे टोक दिसते. शाळेचा प्रकल्प बापच रातोरात पुरा करतो. पवित्र मिस्सेत वाचनाला उभे राहिलेले मूल अडखळले की बाकावरून आईच शब्द पुरवते. हे आधार कमरेला कायमचे बांधून ठेवणे होय. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ सालच्या ‘आमोरिस लेतित्सिया’ ह्या प्रबोधनपत्रात पालकांना बजावले होते, की मुलाच्या प्रत्येक पावलावर पहारा ठेवणे म्हणजे शिक्षण नव्हे. मूल ह्या घडीला कुठे आहे ह्यापेक्षा ते मनाने, जीवनदृष्टीने कुठे उभे आहे, हा प्रश्न मोलाचा आहे.

आणखी एक बारकावा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. विहिरीत आई स्वतः उतरत नाही. ती मुलाला गावकऱ्यांच्या हाती सोपवते. लेकराला धीट करणे हे एकट्या घराचे काम नाही. आपल्या धर्मग्रामात मूल प्रथमच गायला, वाचायला, बोलायला उभे राहते, तेव्हा त्याच्या चुकीला हसणारे आपण असतो की पाण्यात उभे राहून हात पुढे करणारे? ‘श्यामचे पोहणे’ पुन्हा वाचावे, ते स्वतःला हा प्रश्न विचारण्यासाठी.