आभासीकरणाच्या सॉफ्टवेअरची निवड : एका उपेक्षित निकषाचा विचार

एकाच सर्व्हरवर अनेक स्वतंत्र आभासी यंत्रे चालविण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात; आणि त्या यंत्रांत प्रोसेसर, स्मृती व साठवण ह्यांची वाटणी करणारे जे सॉफ्टवेअर, ते हायपरव्हायझर होय. व्यवसायसंस्थेने ह्या सॉफ्टवेअरची निवड कशी करावी, ह्याविषयीचे लेखन विपुल असले तरी त्याची रीत बहुधा एकच असते. चार-सहा उत्पादने घ्यावयाची, त्यांच्या गुणांचा तक्ता मांडावयाचा आणि ज्याची बेरीज अधिक येईल त्यास पसंती द्यावयाची. प्रस्तुत लेखात ह्या पद्धतीचे परीक्षण करावयाचे आहे. तीत जे मोजले जाते ते चुकीचे मोजले जाते, असे आमचे म्हणणे नाही. परंतु संस्था ज्या कारणाने खरोखर अडचणीत येते ते कारण तक्त्यात सहसा नसते, हा आमचा मुख्य आक्षेप आहे.

तांत्रिक गुणांवर एवढा भर का पडला, हे ह्या विषयाच्या इतिहासावरून कळते. १९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग ह्यांनी आभासीकरणाचे तीन निकष सांगितले. आभासी यंत्रातील प्रोग्रॅम खऱ्या यंत्रावर जसा वागेल तसाच वागला पाहिजे. साधनांवरील नियंत्रण हायपरव्हायझरच्याच हाती राहिले पाहिजे. आणि बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरवरच चालल्या पाहिजेत. आज सर्वत्र रूढ असलेली एक्स-८६ प्रोसेसरांची रचना ह्या कसोटीस मुळात उतरत नव्हती. २००० साली रॉबिन व आयर्व्हिन ह्यांनी पेंटियम प्रोसेसरच्या १७ आज्ञा अशा दाखविल्या, की ज्या नियंत्रकाच्या नकळत चालू शकत होत्या. ही अडचण व्हीएमवेअरने १९९९ सालच्या आपल्या पहिल्या उत्पादनात आज्ञांचे चालता-चालता रूपांतर करून सोडविली होती. त्या काळी उत्पादनाउत्पादनांतील तांत्रिक अंतर खरोखरच निर्णायक होते.

पुढे ही स्थिती पालटली. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी ह्यांनी आभासीकरणाची सोय प्रोसेसरमध्येच केली. २००७ साली केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये समाविष्ट झाले आणि २००८ साली मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले. जे एका संस्थेचे विशेष कौशल्य होते, तो प्रोसेसरचा सामान्य धर्म झाला. हिशेब, टपाल, माहितीसंच अशा नेहमीच्या कामांसाठी आज प्रमुख हायपरव्हायझरांतील वेगाचा फरक क्वचितच निर्णायक ठरतो. असे असूनही, जेथे भेद सर्वांत कमी उरला आहे तेथेच तक्त्यातील सर्वाधिक गुण वाटले जातात.

ह्या पद्धतीची उणीव २०२३ साली उघड झाली. ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची खरेदी २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पूर्ण केली आणि ११ डिसेंबर रोजी चिरकालीन परवान्यांची विक्री बंद करून केवळ मुदतबंद वर्गणी ठेवल्याचे जाहीर केले. ईएसएक्सआय ह्या हायपरव्हायझरची विनामूल्य आवृत्ती फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाली व एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा उपलब्ध झाली. ह्या अवधीत सॉफ्टवेअरच्या तांत्रिक गुणांत काहीही उणे झाले नव्हते. किमतीचा रकाना वगळला, तर २१ नोव्हेंबरला तक्त्यात जे गुण पडले असते तेच १२ डिसेंबरलाही पडले असते. बदलले होते ते ग्राहक व विक्रेता ह्यांच्यातील नाते. आणि नात्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

जुना परवाना हाती असलेल्यांस वापर चालू ठेवण्याची मुभा होती, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु त्या परवान्यांवरील सेवाकराराच्या नूतनीकरणाची विक्रीही थांबली होती. सेवेवाचून राहण्यातील धोका फेब्रुवारी २०२३ मधील ईएसएक्सआय-आर्ग्स ह्या खंडणीखोर हल्ल्यावरून कळून येतो. ज्या छिद्रातून तो हल्ला मुख्यतः झाल्याचे मानले जाते, त्याची दुरुस्ती फेब्रुवारी २०२१ मध्येच प्रसिद्ध झालेली होती. दुरुस्ती उपलब्ध असूनही न बसविणाऱ्यांची ही गत, तर जिला दुरुस्ती मिळण्याचीच शाश्वती नाही त्या संस्थेची काय कथा? परवाना चिरकालीन असला म्हणून निर्धोकपणा चिरकालीन ठरत नाही.

म्हणून निवडीच्या वेळी आणखी एक निकष लावला पाहिजे, तो निर्गमनाच्या खर्चाचा. हे सॉफ्टवेअर सोडावयाचे झाल्यास काय पडेल? वरवर पाहता फार नाही. कारण व्हीएमडीके, व्हीएचडीएक्स, क्यूकाउ-२ ह्या डिस्कस्वरूपांचे परस्पर रूपांतर करणारी साधने विनामूल्य मिळतात. परंतु डिस्क म्हणजे संपूर्ण यंत्र नव्हे. योग्य ड्रायव्हर आधी बसविले नसल्यास विंडोजचे यंत्र नव्या ठिकाणी सुरूच न होण्याचा संभव असतो. नेटवर्क कार्ड बदलल्याने पत्त्यांची मांडणी नव्याने करावी लागते. सर्वांत दुर्लक्षित बाब बॅकअपची. आपल्याकडे कंपनी अधिनियम, २०१३ अन्वये हिशेबाची पुस्तके किमान ८ आर्थिक वर्षे जपावी लागतात. त्यांच्या जुन्या प्रती केवळ जुन्याच व्यवस्थेत उघडत असतील, तर संस्था ती व्यवस्था सोडूनही सुटत नाही.

मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर घेतले की हा प्रश्न उरत नाही, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. रेड हॅट व्हर्च्युअलायझेशन हे केव्हीएमवर आधारलेले उत्पादन ४.४ ह्या आवृत्तीनंतर पुढे चालविले गेले नाही. त्याच्या ग्राहकांनाही स्थलांतराचा विचार करावा लागला. भेद इतकाच, की मूळ केव्हीएम व डिस्कचे स्वरूप सर्वांच्या हाती राहिले. मुक्त परवाना स्रोताचे रक्षण करतो, सेवेचे करीत नाही. शिवाय, प्रॉक्समॉक्ससारख्या व्यवस्थेत समूह उभारताना बहुमताचा नियम पाळावा लागतो. दोनच सर्व्हर असतील आणि तिसऱ्या मताची तजवीज नसेल, तर एक बंद पडताच दुसऱ्याकडे बहुमत उरत नाही. हे जाणणारा माणूस संस्थेत हवा, आणि त्याचे वेतन हाही किमतीचाच भाग आहे.

किमतीचा रकानाही दिसतो तितका सरळ नसतो. प्रत्येकी ८ कोअरचे २ प्रोसेसर असलेले ३ सर्व्हर एखाद्या संस्थेकडे आहेत, असे समजू. प्रत्यक्ष कोअर ४८ भरतात. परंतु प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरण्याच्या व्हीएमवेअरच्या नियमाने आकारणी ९६ कोअरची होते. विंडोज सर्व्हरच्या नियमाने ती ४८ ची होते. आणि प्रॉक्समॉक्सची सेवावर्गणी ६ प्रोसेसरांची होते. तीन मापे तीन प्रकारची असल्याने नुसते दर शेजारी-शेजारी लिहिण्यास अर्थ राहत नाही.

ह्यावरून निवडीची रीत अशी सुचते. करारावर सही करण्यापूर्वी नित्याच्या वापरातील एका आभासी यंत्राची प्रत, शक्य तर हिशेबाच्याच यंत्राची, दुसऱ्या उत्पादनावर नेऊन चालवून पाहावी; तिच्यावरून मागील वर्षाची खतावणी काढावी; आणि ह्या कामास किती तास व किती माणसे लागली ते लिहून ठेवावे. त्या तासांना यंत्रांच्या संख्येने गुणिले असता निर्गमनाच्या खर्चाचा ढोबळ अंदाज मिळतो. तो पाच वर्षांच्या किमतीत मिळवावा. एखादी मोठी संस्था विशिष्ट सोयींसाठी हा खर्च जाणूनबुजून पत्करील, आणि तिचा तो निर्णय योग्यही असेल. मात्र जाणून पत्करलेले बंधन आणि नकळत पडलेले बंधन ह्यांत मोठे अंतर आहे. गुणांचा तक्ता हे अंतर दाखवीत नाही. तोवर त्याची बेरीज कितीही बिनचूक असली, तरी तिला निवडीचा आधार मानता येणार नाही.