सुरईच्या गळ्यातील बिल्ले

मद्याच्या सुरईच्या गळ्यात साखळीने अडकवावयाचा रुप्याचा बिल्ला हा विद्वानाने ग्रंथ लिहावा असा विषय प्रथमदर्शनी वाटत नाही. नॉर्मन पेंझर यांनी त्यावर 1947 साली ग्रंथ लिहिला. टॉनीकृत ‘कथासरित्सागरा’च्या भाषांतराची दहा खंडांची सटीप आवृत्ती 1924 ते 1928 या काळात काढणारे तेच हे पेंझर. त्या कथांचा मूळ कर्ता गुणाढ्य परंपरेने आमच्या पैठणच्या सातवाहन दरबारचा. तेव्हा वसमतेस बसून आम्ही या ग्रंथाविषयी लिहिणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

बिल्ल्याचे आयुष्य थोडके. इंग्लंडात तो सुमारे 1730 नंतर आला. सुरईत माडीरा आहे की शेरी, हे सांगणे एवढेच त्याचे काम. 1860 च्या कायद्याने किराणा दुकानांतून सुटी बाटली विकण्यास मुभा मिळाली, कागदी चिठ्ठी सर्वत्र झाली आणि रुप्याचा बिल्ला निरुद्योगी होऊन संग्राहकांच्या हाती गेला. पेंझरांसारख्या अभ्यासकाच्या हाती तो केवळ दागिना राहत नाही, लेख होतो. ‘आरक’ हे नाव पूर्वेकडचा व्यापार सांगते. ‘श्रब’ हा शब्द तर ‘शराब’, ‘सरबत’ यांच्याच कुळातला. हिंदुस्थानातील साहेबांच्या मेजासाठी वाघनखे रुप्यात मढवूनही बिल्ले होत. ते रोज घासणाऱ्या खानसाम्याला त्यावरील अक्षरे वाचता येत होती की नाही, हे मात्र बिल्ला सांगत नाही. या छंदाची ही मर्यादा आम्हांस जाचते: दुर्मीळ नाव सापडले की हात विसरला जातो.

याच पेंझरांनी ‘कथासरित्सागरा’च्या आठव्या खंडास तांबूलसेवनावर प्रदीर्घ परिशिष्ट जोडले आहे. त्या तांबूलाचे अडकित्ते पुण्यास दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, दिवे-दौतींबरोबर जमविले आणि 1975 साली आपला संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. तेथे वस्तूबरोबर घरही दिसते.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. इंग्रजी बिल्ला आत काय आहे ते सांगतो. आपले नाव वस्तू कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी दिली ते सांगते. आमच्या आजीच्या रुप्याच्या अत्तरदाणीवर तिच्या माहेरचे नाव व लग्नाची तिथी होती. पुढे ती वसमतेतच मोडीत गेली. सोनाराने वजन केले, घट कापली, पैसे दिले. नाव उतरवून घेण्याचे आमच्यापैकी कोणास सुचले नाही.