राष्ट्रांचा कायदा आणि दाराबाहेरची माणसं

आंतरराष्ट्रीय कायद्याचं पाठ्यपुस्तक उघडलं की पहिल्या प्रकरणात त्याचे 'जनक' भेटतात. व्हितोरिया, ग्रोशियस, व्हाटेल. पुस्तकं त्यांची आरती करतात आणि पुढं सरकतात. मी साचेखात्यातला कामगार, कायद्याची पदवी माझ्याकडं नाय. पण आपली पोरं उठता-बसता 'युनोत जाऊ' म्हणतात. मग युनोच्या मागं कोणती पोथी आहे ती तपासलीच पाहिजे.

फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हा स्पेनचा धर्मगुरू, सालामांका विद्यापीठात शिकवायचा. १५३९ साली त्यानं अमेरिकेतल्या 'इंडियन' लोकांवर व्याख्यान दिलं. त्याचा पहिला भाग वाचून माणूस चाट पडतो. स्पॅनिश येण्याआधी हे लोक आपल्या जमिनीचे खरे मालक होते, असं तो सांगतो. पोपची ऐहिक सत्ता त्यांच्यावर चालत नाही. सम्राट सगळ्या जगाचा धनी नव्हे. ख्रिस्ती धर्म नाकारला म्हणून कुणाची जमीन काढून घेता येत नाही. स्पेनच्या राजाच्या राज्यात बसून हे बोलायला छाती लागते. ती त्याच्याकडं होती.

खरी गोम पुढं आहे. येणंजाणं, व्यापार, धर्मोपदेश हा सगळ्या माणसांचा नैसर्गिक हक्क, असं तो म्हणतो. स्पॅनिशांनी इजा केली नाही तर त्यांना अडवायचं नाही. समजावूनही अडवलं, तर शेवटी युद्ध करून गावं ताब्यात घेणंही न्याय्य! हक्क कागदावर दोघांना सारखा. पण तोफा आणि जहाजं एकाकडंच. कुठला इंडियन सेव्हिलला दुकान टाकायला निघाला होता? आणि हक्क मोडला की नाही हे ठरवणार कोण? तर स्पॅनिशच. पुढच्या दाराला कुलूप लावून परसदार उघडं ठेवलं, असा हा प्रकार.

१५५०-५१ साली वायादोलिदला मोठा वाद झाला. सेपुल्वेदानं अॅरिस्टॉटलचा हवाला देऊन सांगितलं, काही माणसं निसर्गतःच गुलाम. आपल्याला हे नवं नाय, मनुस्मृतीनं शूद्राविषयी हेच सांगून ठेवलंय. लास कासासनं त्याला पुरता झोडपला. पण ज्यांच्यावर वाद, त्यांच्यातला एकही माणूस तिथं बोलायला नव्हता.

आता ग्रोशियस. १६०३ साली डचांनी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज लुटलं. डच ईस्ट इंडिया कंपनीला ही लूट कायदेशीर ठरवून हवी होती. काम विशीतल्या ग्रोशियसकडं गेलं. त्या लिखाणातलं एक प्रकरण १६०९ साली 'मारे लिबेरुम', म्हंजे मुक्त समुद्र, या नावानं छापलं. समुद्र सगळ्यांचा, हा विचार मोठाच. पण १६२१ साली त्याच कंपनीनं जायफळाच्या मक्त्यासाठी बांदा बेटांवरची माणसं कापली, उरलेली गुलाम केली. समुद्र मोकळा, जायफळ कंपनीचं!

१८८३ साली एडिंबरोच्या लॉरिमरनं माणसांचे तीन थर लावले: सुसंस्कृत, रानटी आणि जंगली. ज्याचा थर खाली, त्याला मान्यता कमी. ही उतरंड ओळखीची वाटते ना? पुढच्याच वर्षी बर्लिनला आफ्रिका गिळायचे नियम ठरवायला राष्ट्रं बसली. आफ्रिकेचा प्रतिनिधी एकही नव्हता.

मग ही पोथी जाळायची? मला तसं वाटत नाय. १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोकडं अर्ज केला, तेव्हा बाबासाहेबांनी डु बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यही तसंच करायच्या विचारात आहेत, असं कळवलं. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात 'डिसेंट', म्हंजे जन्मकूळ, हा शब्द भारताच्याच सूचनेवरून आला. पुढं २००१ साली डर्बनला सरकारनं जातीचा विषय येऊ नये म्हणून जोर लावला. पण २००२ साली त्या कराराच्या समितीनं २९ व्या शिफारशीत स्पष्ट म्हटलं, जन्मकुळात जात येते.

म्हणून दोस्तहो, व्हितोरियाचा पहिला भाग वापरा, दुसऱ्यावर नजर ठेवा. कुठलाही कायदा पुढं आला की विचारा, हक्क मोडला हे ठरवणार कोण, आणि तिथं आपला माणूस बसलाय का? आपल्यातल्या इंग्रजी येणाऱ्या कुणीतरी ती २९ वी शिफारस मराठीत करून पाठवा. वस्तीवर मोठ्यानं वाचू.