शिवराईची साक्ष आणि संग्राहकाची दृष्टी

नाणी ही इतिहासाची विश्वसनीय साधने होत, हे विधान पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा येते की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वस्तुतः सुटे नाणे फार थोडे सांगते. ते कोठे सापडले, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने सापडले, यावरून बरेचसे कळते. आणि छंद म्हणून नाणी जमवण्याच्या रूढ पद्धतीत नेमका हाच भाग गळून पडतो. पुण्यातील संग्राहकांना विशेष प्रिय असलेल्या शिवराईच्या आधारे या पद्धतीची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिवराई हे तांब्याचे नाणे. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे. तिचा प्रारंभ १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडला जातो. परंतु १६८० मध्ये महाराजांचे निधन झाल्यावरही ही अक्षरे बदलली नाहीत. वारसांच्या काळात, पेशवाईत, इतकेच नव्हे तर १८१८ मध्ये पेशवाई संपल्यानंतरही काही वर्षे याच नावाची नाणी पाडली जात होती. बहुसंख्य शिवरायांवर ना वर्ष आहे, ना टाकसाळीचे नाव. म्हणजे नाण्यावरील राजाचे नाव हा त्याच्या हयातीचा पुरावा ठरत नाही. तरीही जुन्या बाजारात घेतलेली कोणतीही शिवराई घरी येताच 'शिवकालीन' होते. त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. त्या भावनेवर आधारलेला कालनिर्णय मात्र स्वीकारता येत नाही.

संग्राहकांचे ऋण येथे मान्य केलेच पाहिजे. अक्षरांची वळणे, ठिपके, चिन्हे, दोन आडव्या रेघांमुळे 'दुदांडी' म्हटली जाणारी शिवराई, ही सारी वर्गवारी मुख्यतः हौशी अभ्यासकांच्या चिकाटीतून उभी राहिली. मराठा टाकसाळींवरील महेश्वरी व विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ आजही हाताशी ठेवावा असा आहे. या कष्टाच्या कामात आपल्या महाविद्यालयीन इतिहास विभागांचा वाटा अल्पच म्हणावा लागेल. पण प्रकारांची यादी म्हणजे कालक्रम नव्हे. कोणता प्रकार आधीचा व कोणता नंतरचा, हे ठरवण्यास एकत्र सापडलेला, न फुटलेला साठा लागतो.

असा साठा काय करू शकतो, हे १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे दिसले. नहपान क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी तेथे एकत्र मिळाली आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. नाशिकच्या लेण्यातील शिलालेख क्षहरातांच्या उच्छेदाविषयी जे सांगतो, त्याला या साठ्याने भक्कम आधार दिला. हीच नाणी एकेक करून पेठेत विकली गेली असती, तर 'पुनर्मुद्रित, दुर्मीळ' एवढीच त्यांची ओळख उरली असती. त्यांचे परस्परप्रमाण तर कायमचे हरवले असते.

संग्राहकाचा दुसरा निकष म्हणजे सुस्थिती. भारत सरकारने १९९९ मध्ये छत्रपतींच्या स्मरणार्थ काढलेल्या दोन रुपयांच्या नाण्याला किंवा एखाद्या स्मारकपदकाला तो शोभतो. अशा वस्तू जपण्याच्या हेतूनेही घडवल्या जातात. शिवराई मात्र बाजारहाटासाठी होती. तिची झीज हा तिच्या वापराचा दाखला आहे, आणि संग्राहक तिला कमी भाव देतो तो नेमका त्या झिजेमुळे.

सारा दोष संग्राहकाचाच आहे, असे नव्हे. १८७८ च्या भूमिगत धनविषयक कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. शासनाने ते घ्यायचे ठरवल्यास मोबदला मिळतो तो धातूची किंमत अधिक तिचा एक पंचमांश. तांब्याच्या घड्याचे असे किती होणार? शेत नांगरताना असा घडा लागलेल्या शेतकऱ्याला कचेरीपेक्षा व्यापारी जवळचा वाटला, तर नवल नाही. धातूच्या भावाऐवजी अखंड साठ्याचे ऐतिहासिक मोल धरून मोबदला दिल्याशिवाय ही गळती थांबणे कठीण दिसते.

तोवर महाविद्यालयांना निदान एक नोंदवही ठेवता येईल. विद्यार्थी घरचे नाणे घेऊन येतो, तेव्हा आपण अक्षरे वाचून ते परत करतो. त्याऐवजी वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे छायाचित्र, नाणे घरात कोणाकडून आले, कोणत्या गावच्या शिवारात मिळाले, सोबत आणखी काय होते, हे लिहून घ्यावे. आणि चिंचेने घासून ते लखलखीत करू नये, हेही त्याला त्याच वेळी सांगावे.