विद्युत आराखड्यांसाठी संगणकप्रणालीची निवड : एक चिकित्सा

इमारतीच्या विद्युत आराखड्यांसाठी संगणकप्रणाली निवडताना 'सर्वत्र कोणती चालते' हाच निकष लावला जातो. हा निकष अपुरा आहे. ऑटोकॅडच्या कायमस्वरूपी परवान्यांची विक्री २०१६ मध्ये थांबली. आज ते वर्गणीवर मिळते आणि वर्गणी संपली की त्यातील संपादनही थांबते. परवान्याच्या पडताळणीसाठी अधूनमधून इंटरनेट लागते, ही अट भामरागड-सिरोंचाकडील बांधकामावर किरकोळ नव्हे.

आश्रमशाळेच्या वसतिगृहात पंखे, पंप, संगणक वाढत जातात. कोणत्या सर्किटवर किती भार आहे, हे आराखड्यावरून कळावयास हवे. जुन्या छापील प्रतीवर नव्या जोडण्यांची नोंद होत नाही आणि वायरमन अंदाजाने तार जोडतो. म्हणून आधी फाइलचे स्वरूप ठरवावे, प्रणाली नंतर. विनामूल्य लिब्रेकॅड डीएक्सएफ स्वरूपात काम करते. दिव्यांचे बिंदू, स्विचबोर्ड व वायरिंगचे स्तर बदलण्यास ते पुरेसे आहे. मात्र ऑटोकॅडमधील डायनॅमिक ब्लॉक त्यात साध्या आकृत्या होऊन राहतात, तसेच वास्तुविशारदाचा नकाशा बाह्य संदर्भ म्हणून जोडलेला असल्यास तो आधी मूळ फाइलमध्ये समाविष्ट करून घ्यावा लागतो. (विक्रेता हे क्वचितच सांगतो.) त्रिमितीय काम त्यात होत नाही, परंतु दोन मजली वसतिगृहाच्या वायरिंगला त्याची गरजही नसते.

गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या बांधकाम समित्यांनी, प्रत्यक्ष कामानुसार सुधारलेली डीएक्सएफ प्रत मिळाल्याखेरीज अंतिम देयक न देण्याची अट करारातच घालावी.