शिडी गोदामात मावते, पण प्रश्न तिथे संपत नाही

नेट, सेट किंवा पेटची तयारी करताय ना? मग विशेष सापेक्षतेच्या धड्यातलं 'शिडी आणि गोदाम' हे कोडं तुमच्या वहीत नक्की असणार. आज त्या कोड्याबद्दल माझी एक तक्रार मांडतो. कोडं चुकीचं नाही. आपण ते ज्या ठिकाणी सोडून देतो, ते ठिकाण चुकीचं आहे.

आधी आकडे घेऊ. शिडी २० मीटर लांब. गोदाम १० मीटर, नंदुरबारच्या मिरचीच्या गोदामासारखं, फक्त समोरासमोर दोन दारांचं. शिडी प्रकाशाच्या ०.८६६ पट वेगाने आत येते, म्हणजे गॅमा २. गोदामाच्या फ्रेममध्ये शिडीची लांबी १० मीटर भरते आणि ती नेमकी मावते. शिडीच्या फ्रेममध्ये मात्र गोदामच ५ मीटरचं होतं, आणि शिडी २० मीटरचीच राहते. मग मावली की नाही?

गाइडमधलं उत्तर तुम्हाला पाठ असेल. 'दोन्ही बरोबर, कारण सिमल्टेनिटी सापेक्ष आहे.' पुढचं दार आणि मागचं दार गोदामाच्या फ्रेममध्ये एकाच क्षणी बंद होऊन लगेच उघडतात. शिडीच्या फ्रेममध्ये त्या दोन घटनांमध्ये ५७.७ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. गणित जमलं, चार मार्क मिळाले, पुढचा प्रश्न.

या उत्तरात चांगलं काय आहे ते आधी सांगतो. 'मावणे' ही एक घटना नाही, दोन घटनांची जोडी आहे, हे ते शिकवतं. आपल्या जिल्ह्यातलं नवापूर स्टेशन घ्या. ते महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवर आहे, प्लॅटफॉर्मवरचा एक बाकसुद्धा अर्धा इकडे अर्धा तिकडे. सुरतेकडून गाडी आली आणि तिच्या शेवटच्या डब्याने ती सीमारेषा ओलांडली. ही एकच घटना आहे, एका जागी, एका क्षणी. कुठल्याही वेगाने जाणारा निरीक्षक तिच्याबद्दल वाद घालणार नाही. पण 'पूर्ण गाडी प्लॅटफॉर्मच्या आत आहे' असं म्हटलं की दोन टोकं आली आणि 'त्याच वेळी' हा शब्द गुपचूप आत शिरला. वाद तिथूनच सुरू होतो. कोड्यातून एवढं जरी समजलं तरी ते वाया गेलं नाही.

आता तक्रारी.

पहिली, लहानशी, पण मराठीत शिकणाऱ्यांसाठी महत्त्वाची. आपण सर्रास लिहितो, 'गोदामाजवळच्या माणसाला शिडी आखूड दिसते.' दिसत नाही. आखूड मोजली जाते. डोळ्यापर्यंत येणारा प्रकाश शिडीच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या क्षणी निघालेला असतो. त्यामुळे वेगाने जाणारी वस्तू कशी दिसेल हा स्वतंत्र प्रश्न आहे, आणि टेरेल व पेनरोज यांनी तो १९५९ साली स्वतंत्रपणे सोडवला. पेनरोजने दाखवलं की वेगवान गोळ्याची बाह्यरेषा गोलच दिसते, चपटी नाही. लांबीचं आकुंचन १९०५ पासून माहीत होतं, पण 'दिसणं' नीट तपासायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. एका ढिल्या क्रियापदामागे एवढं सगळं लपू शकतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीत मी हे कोडं अगदी तयारीने फळ्यावर मांडलं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, 'मागचं दार उघडलंच नाही तर? तिथे भिंतच असेल तर?' मी म्हणालो, 'मग शिडी थांबेल.' 'पूर्ण शिडी? कधी?' मी गप्प. मला सिमल्टेनिटीचं सूत्र येत होतं. पण शिडी ताठर आहे, एक टोक थांबलं की दुसरंही थांबतं, हे मी न विचारता धरून चाललो होतो. म्हणजे ज्या 'त्याच क्षणी'ला मी दोन मिनिटांपूर्वी सापेक्ष म्हणालो होतो, तोच शब्द मागच्या दाराने परत आत घेतला होता.

आता तोच हिशोब भिंतीसकट करू. शिडीच्या फ्रेममध्ये भिंत येऊन शिडीच्या पुढच्या टोकावर आपटते. ही बातमी मागच्या टोकाला कळायला किमान किती वेळ लागेल? प्रकाशाच्या वेगाने गेली तरी २० मीटरला ६६.७ नॅनोसेकंद. आणि गोदामाचं प्रवेशदार मागच्या टोकापर्यंत कधी पोचतं? ५७.७ नॅनोसेकंदांत. म्हणजे मागच्या टोकाला धडकेचा पत्ता लागण्याआधीच ते दाराच्या आत गेलेलं असतं! शिडीच्या फ्रेममध्येसुद्धा २० मीटरची शिडी ५ मीटरच्या गोदामात खरोखर कोंडली जाते, कारण मागचा भाग 'काही झालेलंच नाही' अशा थाटात जागच्या जागी राहतो आणि पुढचा भाग दबत जातो.

गोदामाच्या फ्रेममध्ये पडताळा घ्या. पुढचं टोक भिंतीला टेकलं तेव्हा मागचं टोक दारात आहे. ते त्याच वेगाने पुढे येत राहतं, आणि बातमी समोरून येते. दोघांची गाठ पडते तेव्हा शिडीची लांबी उरलेली असते ५.३६ मीटर. म्हणजे १० मीटर मोजली जाणारी शिडी आणखी जवळजवळ अर्ध्यावर आली. हे लोरेंट्झ आकुंचन नाही, हे खरोखरचं चेपणं आहे, पदार्थावर ताण आणणारं. आणि ही झाली सर्वांत सौम्य मर्यादा. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५ किलोमीटर धरला, तर २० मीटरला ४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे त्या ५७.७ नॅनोसेकंदांच्या जवळजवळ ७० हजार पट. खरी शिडी केव्हाच भुगा झालेली असेल.

दोन्ही फ्रेममधून निष्कर्ष एकच निघाला, आणि तो सिमल्टेनिटीच्या पलीकडचा आहे. सापेक्षतेत ताठर वस्तू असूच शकत नाही. ताठर असती तर एका टोकाला ढकलून दुसऱ्या टोकाला तत्क्षणी निरोप देता आला असता.

हे फार परकं वाटत असेल तर नंदुरबार स्टेशनवर उभी मालगाडी सुटताना ऐका. इंजिन ओढतं आणि कपलिंगचा खडखडाट डब्याडब्यातून मागे धावत जातो. शेवटची वाघीण हलते तोवर इंजिन पुढे सरकलेलं असतं. प्रत्येक वस्तू थोडीफार त्या मालगाडीसारखी असते. न्यूटनच्या यामिकीत 'दृढ वस्तू' ही सोयीची कल्पना होती, कारण निरोपाचा वेग हव्या त्या कामापुरता अनंत धरता यायचा. इथे वरची मर्यादाच ठरलेली आहे.

हा धडा जुना आहे, म्हणून तो गाळला जातो याचं जास्त वाईट वाटतं. १९०९ साली मॅक्स बॉर्नने सापेक्षतेशी जुळणारी ताठरपणाची व्याख्या दिली. त्याच वर्षी एरेनफेस्टने फिरत्या चकतीचा प्रश्न टाकला. परीघ गतीच्या दिशेने आहे, त्रिज्या नाही, मग स्थिर चकती ताठर राहून फिरायला लागेल कशी? लवकरच हर्ग्लॉट्झ आणि फ्रिट्झ नोएथर यांनी दाखवलं की बॉर्नच्या अर्थाने ताठर वस्तूला न्यूटनच्या सहाऐवजी तीनच स्वातंत्र्य-कोटी उरतात. १९११ साली लाउएने सरळ सांगितलं की वस्तूला अनेक ठिकाणी एकदम ढकललं तर ते परिणाम सुरुवातीला एकमेकांपासून स्वतंत्रच असतात, म्हणून स्वातंत्र्य-कोटींना मर्यादाच नाही. दोन वर्षांत एक अख्खी संकल्पना तपासून बाजूला ठेवली गेली. आपल्या नोट्समध्ये मात्र ती 'लेट अ रिजिड रॉड' म्हणून अजून सुखाने नांदते आहे.

मग परीक्षेत काय करायचं? परीक्षेत गॅमा वापरा, पर्याय निवडा, मार्क घ्या. त्यात काही कमीपणा नाही. पण घरी आल्यावर कोड्याला आणखी तीन प्रश्न विचारा. इथे 'त्याच वेळी' हा शब्द नेमका कुठे लपलाय? बातमी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कशाने आणि किती वेगात जाते? आणि ताण कुठे येतो? संशोधनात प्रश्नाखाली चार पर्याय छापलेले नसतात. कुठलं गृहीतक मोडायचं हेच बहुतेक वेळा शोधायचं असतं.

सराव म्हणून एक देतो. एकामागे एक उभी दोन यानं, मध्ये नाजूक ताणलेला दोरा. जमिनीच्या फ्रेममध्ये दोन्ही एकाच क्षणी, अगदी सारख्या त्वरणाने सुटतात. दोरा तुटेल का? ड्यूअन आणि बेरान यांनी हा प्रश्न १९५९ साली मांडला. पुढे जॉन बेलने १९७६ मध्ये लिहिलं की सर्नमध्ये त्याने सहकाऱ्यांना विचारलं, तेव्हा बहुमत 'तुटणार नाही' असं होतं. बहुमत चुकलं होतं. का चुकलं, ते वरच्या तीन प्रश्नांनी शोधा. सुरुवात तिसऱ्यापासून केलीत तर लवकर सापडेल.