साक्षीचा अधिकार : ‘ऊ यंग-ऊ’ मालिकेतील तिसरा भाग

विनोदी न्यायनाट्याची घडण आता रूढ होऊन बसली आहे. एक विक्षिप्त परंतु बुद्धिमान वकील, दर भागात एक नवा खटला, कचेरीतील हेवेदावे आणि या साऱ्यांच्या आडोशाने हळूहळू उमलणारे एक प्रेमप्रकरण, एवढ्या सामग्रीवर हा प्रकार उभा राहतो. अमेरिकेत डेव्हिड ई. केली यांच्या ‘ॲली मॅकबील’ने (१९९७ ते २००२) ही घडण लोकप्रिय केली. तेथे खटला हा बहुधा नायिकेच्या मनःस्थितीचा आरसा असे. दक्षिण कोरियात २९ जून ते १८ ऑगस्ट २०२२ या काळात सोळा भागांत दाखविली गेलेली ‘विलक्षण वकील ऊ यंग-ऊ’ ही मालिका वरकरणी याच कुळातील होय. तिच्या मूळ कोरियन शीर्षकातील विशेषणाचा रोख मात्र ‘असामान्य’ यापेक्षा ‘विचित्र’ या अर्थाकडे अधिक आहे. इंग्रजी नावाने ही धार बोथट केली, आणि जगभरच्या प्रेक्षकाला नायिकेचा गौरव तेवढा ऐकू आला. तिला लागणारा शब्द ऐकू आला नाही.

नायिका ऊ यंग-ऊ ही स्वमग्न आहे. कायद्याची कलमे तिला मुखोद्गत आहेत, देवमाशांविषयी बोलू लागली की तिला थांबविणे कठीण, आणि फिरत्या दारातून आत शिरणे हे तिच्यापुढील नित्याचे संकट. स्वतःची ओळख करून देताना ती आपले नाव उलटसुलट सारखेच वाचता येते असे सांगते आणि तशाच शब्दांची माळ ऐकवते; त्या माळेत ‘भारतीय मनुष्य’ या अर्थाचा ‘इन्दोइन’ हा शब्दही येतो, ही भारतीय प्रेक्षकाला गंमत वाटावी अशी गोष्ट. कोरियन लिपीत अक्षरांचे गट पडतात, म्हणून हा खेळ तेथे मराठीतील ‘चिमा काय कामाची’ या खेळासारखाच अक्षरांवर चालतो; फरक इतकाच की मराठीत ऱ्हस्वदीर्घाकडे जरा कानाडोळा करावा लागतो. पहिल्या दोन भागांत या लकबींना भरपूर वाव मिळाला आहे. ६ जुलै २०२२ रोजी दाखविल्या गेलेल्या तिसऱ्या भागात त्या जवळजवळ मागे घेतल्या जातात, आणि मालिकेचा खरा प्रश्न तेथे प्रथम उघडा पडतो.

या भागातील खटला असा. किम जंग-हून हा स्वमग्न तरुण. त्याचा थोरला भाऊ सांग-हून वैद्यकीय विद्यार्थी, घराचा अभिमान. एके दिवशी आईवडील घरी परततात तेव्हा जंग-हून भावाला मारीत असलेला आणि मरणाविषयीचे शब्द ओरडत असलेला त्यांना दिसतो. भाऊ मृत होतो, आणि मारहाणीतून मृत्यू घडविल्याचा आरोप जंग-हूनवर येतो. कोरियन दंडसंहितेत या अपराधास किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. बचावाचा सरळ मार्ग म्हणजे आरोपीची मानसिक क्षमता क्षीण होती असे दाखविणे. संहितेच्या दहाव्या कलमात पूर्वी अशा आरोपीची शिक्षा कमी करणे न्यायालयास बंधनकारक होते. २०१८ साली सोल येथील एका खुनानंतर लोकक्षोभ उसळला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कलम बदलून ‘कमी करावी’च्या जागी ‘कमी करता येईल’ असे झाले. ही सवलत आता हक्काची राहिली नाही. ती न्यायाधीशाचे मन वळवून मिळवावी लागते, आणि मन वळविण्याचे काम ज्या वकिलाकडे येते तीही स्वमग्न आहे.

येथेच लेखिका मून जी-वन यांनी रचलेली कोंडी ध्यानात येते. आरोपी स्वमग्न असल्यामुळे त्याच्या कृतीची पूर्ण जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही, असे न्यायालयाने मानावे ही बचावपक्षाची मागणी. ही मागणी जी करीत आहे तिच्या शब्दांची पूर्ण जबाबदारी मात्र न्यायालयाने तिच्यावर टाकावी अशी अपेक्षा. सरकारी वकील या विसंगतीवर नेमके बोट ठेवतो. आरोपीची वकीलही स्वमग्न आहे. मग तिच्या बोलण्याचे काय करायचे, हा त्याचा प्रश्न. तो क्रूर आहे, पण तर्कदुष्ट नाही, आणि म्हणूनच प्रेक्षकाला त्याचा राग येऊनही उत्तर सुचत नाही. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील लटके न्यायालय ज्या सहजतेने बेणारेच्या खाजगी आयुष्याचे आरोपपत्र बनवते, त्या सहजतेची आठवण या प्रसंगी व्हावी. तेथे खेळाचे सोंग होते. येथे न्यायालय खरे आहे आणि प्रश्न कायदेशीर आहे, एवढ्यानेच प्रसंग अधिक गुदमरवणारा होतो. अशिलाचा पिता तिला खटल्यातून दूर करण्याची मागणी करतो, आणि तिला वकिलांच्या बाकावरून उठावे लागते.

हा प्रश्न मून जी-वन यांना नवा नाही. त्यांच्या पटकथेवरील ‘साक्षीदार’ या २०१९ च्या चित्रपटात एका स्वमग्न मुलीच्या साक्षीवर खुनाचा खटला अवलंबून आहे. त्या मुलीला वकील व्हायचे होते, पण ते आपल्याला जमणार नाही अशी तिची समजूत आहे. साक्षीदार तरी होता येईल का, एवढाच तिच्यापुढे पर्याय उरतो. त्या मुलीला जे नाकारले गेले ते ऊ यंग-ऊला देऊन पाहावे, अशा प्रयोगातून ही मालिका सिद्ध झाली आहे हे उघड आहे. परंतु तिसऱ्या भागात लेखिका स्वतःच्याच प्रयोगाची उलटतपासणी घेते. वकील झाल्याने साक्षीचा अधिकार मिळाला काय? मनुष्याचे म्हणणे ऐकले जाते ते त्याच्या पदामुळे, की ऐकणाऱ्याने त्याला आधीच आपल्यातला मानलेले असते म्हणून?

प्रेमकथेच्या उपकथानकाचे प्रयोजनही याच प्रश्नात आहे. कचेरीतील सहकारी ली जून-हो हा तिच्याकडे ओढला जात आहे, हे प्रेक्षकाला कळू लागले आहे. दोघे रस्त्याने चालले असता जून-होची विद्यालयातील एक ओळखीची तरुणी भेटते, यंग-ऊकडे पाहते, आणि तो अजून सेवाकार्य करीत आहे असे समजून त्याचे कौतुक करते. जाताना यंग-ऊलाही लहान मुलाला द्यावा तसा धीर देऊन जाते. जून-हो शरमतो. यंग-ऊ शांतपणे ते स्वीकारते, कारण तिला ते अपरिचित नाही. हा प्रसंग मिनिटभराचाही नसेल, परंतु न्यायालयातील दृश्याशेजारी तो ठेवला की दोन्हींचा अर्थ बदलतो. सरकारी वकील जे शत्रुत्वाने करतो तेच ही तरुणी दयेने करते. तिच्या दृष्टीने त्या दोघांत प्रेम असणे हे शक्यतेच्याच बाहेर आहे. म्हणून तिला दिसते ते फक्त उपकार. न्यायनाट्यातील प्रेमप्रकरण बहुधा खटल्याच्या ताणावरील उतारा म्हणून येते. येथे ते त्याच खटल्यातील आणखी एक साक्ष होऊन येते, आणि हे यश लहान नव्हे.

याच सुराचा तिसरा प्रसंग पित्याचा. यंग-ऊचा बाप किंबापचे लहानसे दुकान चालवतो. कायदा शिकून त्याने मुलीसाठी ते सारे सोडून दिले. स्वमग्न माणसाबरोबर राहणे कसे असते, असे ती त्याला विचारते, आणि तो ते एकटेपणाचे असते असे सांगतो. पुढे, मुलीला जे आवडते त्यातूनच तिच्यापर्यंत पोहोचता आले, हेही त्याच्या बोलण्यात येते. या उत्तरात तक्रार नाही, सांत्वनही नाही. जगातील इतर माणसे तिच्याविषयी मत देतात; बाप वस्तुस्थिती सांगतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो की ती ती पेलील. त्या भागात तिला समानतेने वागविणारे कोणी असेल तर तो हाच. जंग-हूनशी बोलण्यासाठी त्याच्या आवडत्या पेंगसूचा, म्हणजे कोरियन शैक्षणिक वाहिनीवरील त्या महाकाय पेंग्विनचा, उपयोग करण्याची युक्तीही यातूनच निघते. गंभीर वकील मंडळी पेंग्विनचे गाणे म्हणतात हे दृश्य हास्यकारक आहे, पण ते ज्या मार्गाने आले तो मार्ग हास्यकारक नाही.

सत्य पुढे उलगडते ते असे की सांग-हूनने स्वतःच जीव देण्याचा प्रयत्न केला होता आणि धाकटा भाऊ त्याला अडवीत होता. त्याच्या ओरडण्यातील मरणाच्या शब्दापुढे एक निषेधाचा शब्द होता. तो कोणी ऐकलाच नाही. हुशार मुलाने आत्मनाश केला हे जगाला कळण्यापेक्षा धाकट्याच्या हातून मारहाण घडली असे दिसणे घराला सोसवते, हे या कथेतील सर्वांत दारुण सत्य होय. त्या पार्श्वभूमीवर यंग-ऊचे स्वगत येते. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर याने जगण्यास पात्र आणि अपात्र मुले वेगळी काढण्याच्या नाझी व्यवस्थेला साहाय्य केले, याची ती आठवण करते, आणि मृत विद्यार्थ्याऐवजी स्वमग्न भाऊ जिवंत राहिला ही देशाची हानी होय, असे मत आजही शेकडो लोकांना पटते याची नोंद करते. ॲस्पर्गरचा उल्लेख अलंकारासाठी नाही. तो नाझी पक्षाचा सदस्य नव्हता, आणि त्याची संरक्षक म्हणून कीर्ती दीर्घकाळ टिकली. २०१८ साली हेरविग चेक या इतिहासकाराने कागदपत्रांच्या आधारे त्याने मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठविल्याचे दाखवून दिले. तेथे मुलांचे बळी घेतले जात. ज्याच्या नावाने बुद्धिमान स्वमग्नांचा वर्ग ओळखला जाई, त्यानेच त्या वर्गाबाहेरच्यांना मृत्यूकडे ढकलले होते. यंग-ऊ आणि जंग-हून या दोघांमधील रेषा कोणी आखली, हे त्या एका उल्लेखाने स्पष्ट होते.

तरीही हा भाग निर्दोष नाही. स्वमग्नता म्हणजे अद्भुत स्मरणशक्ती असा भ्रम ही मालिका पसरविते, असा आक्षेप तिच्यावर घेतला गेला, आणि जंग-हूनचे पात्र हे त्याला आगाऊ दिलेले उत्तर दिसते. परंतु उत्तर म्हणून आणलेले पात्र उत्तरापुरतेच जगते. जंग-हूनला स्वतःची भीती, रुसवा, हट्ट यांपैकी फारसे काही मिळत नाही. त्याचे मारणेसुद्धा अखेर निखळ प्रेम ठरते, जणू प्रेम नसते तर त्याला न्याय मागण्याचा हक्क उरला नसता. कोंडीची सोडवणूकही पळवाटीची आहे. यंग-ऊ बाकावरून उठल्यावर वरिष्ठ वकील जंग म्यंग-सक बाजू सांभाळतो, आणि मृत्यूच्या दोषातून आरोपी सुटतो. सरकारी वकिलाचा प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो, कारण ज्या तोंडून उत्तर यायचे ते तोंडच न्यायालयात नाही. हे लेखिकेचे धाडस म्हणावे की माघार, याविषयी मतभेद संभवतो. ते धाडस ठरले असते, जर यंग-ऊचा राजीनामा काही काळ तरी टिकला असता. मालिकेच्या गरजेपुढे तो पुढच्याच भागात मागे पडतो. जिवलग मैत्रिणीच्या बापाचा कज्जा उभा राहतो आणि यंग-ऊ पुन्हा वकिलांच्या बाकावर येऊन बसते.